जोडणीच्या सात ओळी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहण्यासारखं माझ्यात काही नाहीही. मला रंग नाही, वजन नाही, आवाज नाही. मी एक जुनी फाईल आहे, मुळात सात ओळींची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत नेत्रदानाचं काम करणारं एक लहानसं मंडळ आहे. त्याच्या कार्यालयात टेबलावर जो संगणक आहे, त्याच्या पोटात मी राहते. कार्यालयात कोण काय बोललं ते सगळं मला ऐकू येतं. कसं ऐकू येतं हे मला विचारू नका, मलाही ते ठाऊक नाही.

आज मी बोलायला बसले आहे ती स्वतःचं कौतुक सांगायला नव्हे. एका माणसाची शेवटची इच्छा एकदा माझ्या एका ओळीवर येऊन अडली. ते कुणीतरी सांगायला हवं, आणि माझ्याइतकं जवळून ते कुणी पाहिलेलं नाही.

माझा जन्म पाच वर्षांपूर्वीचा. त्याचं कारण वाळवी. मंडळाकडे नेत्रदानाचे फॉर्म भरून दिलेल्या माणसांचे गठ्ठे होते, कपाटभर. एका पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तर खालच्या दोन फळ्यांवर कागद नव्हतेच, नुसती माती होती. मंडळाचे चिटणीस दत्तोपंत त्या मातीकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. हे दत्तोपंत हायस्कुलात मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दहाला येऊन कार्यालय उघडतात, एक पैसा घेत नाहीत. त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. तिचं नाव ऋता. ती इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. "सर, तुम्ही काळजी करू नका, मी रविवारी येते," ती म्हणाली, आणि खरंच अकरा रविवार येत राहिली.

ऋतानं दोन जुने संगणक मिळवले. एक टेबलावर ठेवला, दुसरा कोपऱ्यात, कपाटाच्या शेजारी. टेबलावरच्यात तिनं एक वेबसाईट बांधली. ती कार्यालयातल्या कार्यालयातच उघडायची, बाहेर नाही. कोपऱ्यातल्या संगणकात तिनं डेटाबेस ठेवला. म्हणजे उरलेसुरले सगळे फॉर्म, त्यांचे फोटो, सह्या, पत्ते, फोन नंबर. मूळ कागद ज्याचा त्याला परत दिला, पुन्हा वाळवी नको म्हणून. एकूण चार हजार तीनशे बारा माणसं. त्यांनी आपल्या हातानं लिहून दिलं होतं की आम्ही गेल्यावर आमचे डोळे दुसऱ्याला द्या.

आता दोन संगणक म्हटल्यावर त्यांची एकमेकांशी ओळख कुणी करून द्यायची? ते माझं काम. कुणी वेबसाईटवर नाव टाकून 'शोधा' दाबलं की वेबसाईट आधी माझ्याकडे येते. मी तिला सांगते, माहिती अमुक पत्त्याच्या संगणकात आहे, अमुक क्रमांकाच्या दारानं आत जा, डेटाबेसचं नाव हे, वापरणाऱ्याचं नाव हे, पासवर्ड हा, आणि उत्तर आलं नाही तर इतके सेकंद थांब. झाल्या सहा ओळी. सातवी, खरं तर सगळ्यात वरची, ऋतानं स्वतःला आठवण म्हणून लिहिलेली होती. 'पत्ता कायमचा ठरवून घेणे. नंतर.'

त्याचं असं आहे मित्रांनो, की कार्यालयात भिंतीवर राउटर नावाची एक डबी आहे. तीच संगणकांना पत्त्याचे नंबर वाटते. जो आधी सुरू होईल त्याला दोन, त्याच्यामागून येईल त्याला तीन. त्या दिवशी कोपऱ्यातला संगणक आधी सुरू झाला होता, म्हणून त्याला दोन नंबर मिळाला, आणि ऋतानं माझ्यात दोन लिहिला. हा नंबर पक्का करून घ्यायचा असतो, नाहीतर तो बदलू शकतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण त्या रविवारी तिच्या मुलीचं गॅदरिंग होतं. ती घाईत उठली, आणि 'नंतर' हा शब्द माझ्या कपाळावर तसाच राहिला.

काम मात्र मी झकास केलं. मला माझ्याबद्दल एवढं म्हणू द्या. चार वर्षांत एकसष्ट घरांतून फोन आले. आमचा माणूस गेला, त्यांचा फॉर्म तुमच्याकडे आहे का बघा. प्रत्येक वेळी दत्तोपंतांनी नाव टाकलं, आणि प्रत्येक वेळी पापणी लवायच्या आत फॉर्म समोर आला. दत्तोपंत नेत्रपेढीला फोन करायचे, तिथली माणसं गाडी काढून जायची. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, त्यामुळे ह्या कामात वेळेला फार किंमत असते. एकसष्ट वेळा पत्ता मी सांगितला आणि एकदाही चुकले नाही.

त्याचं कौतुक कुणाला होतं म्हणता? मंडळाच्या वर्धापनदिनी पाहुणे आले, त्यांनी वेबसाईटवरच्या दोन डोळ्यांच्या चित्राचं कौतुक केलं. कुणी दत्तोपंतांचं केलं, कुणी ऋताचं. ते योग्यच झालं. माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि मला राग आला नाही असं काही मी म्हणणार नाही. चार वर्षांत मला एकदाही कुणी उघडून बघितलं नाही. माझ्यात काय लिहिलंय हे एका साध्या चिठ्ठीवरही कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. चालतंय की नाही, मग चालू दे, असा सगळा कारभार.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. आपल्या कोल्हापुरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात हे तुम्हाला मी सांगायला नको. शेतकरी विळे-कोयते मांडतो, गॅरेजवाला पान्हे मांडतो, ट्रकला हार घालतात. आमच्या कार्यालयातही दरवर्षी पूजा व्हायची, पण ती वरवरची, संगणकावर एक फूल आणि बोटभर कुंकू. गेल्या वर्षी मंडळाला पंचवीस वर्षं झाली होती. दत्तोपंतांच्या मनात आलं, ह्या वर्षी पूजा मनापासून करायची.

सकाळी लवकर येऊन त्यांनी जमीन पुसली. पाट मांडून त्यावर पांढरं कापड घातलं. दोन्ही संगणकांच्या वायरी सोडवल्या, भिंतीवरची डबीही काढली. मऊ फडक्यानं त्यांची चार वर्षांची धूळ पुसली. सगळ्यांना पाटावर ओळीनं बसवून हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, उदबत्ती लावली आणि हात जोडून म्हणाले, "बाबांनो, तुमच्यामुळं माणसांच्या शब्दाला किंमत आहे." मित्रांनो, मी आत बसून ऐकत होते. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला होता. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला नमस्कार केला होता, त्यांना मी आहे हे माहीत नसलं तरी.

दुपारी त्यांनी सगळं जागच्या जागी ठेवलं. वायर कुठली कुठं हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं होतं, त्यात एकही चूक नव्हती. आधी डबी लावली. मग टेबलावरचा संगणक सुरू केला, कारण तो समोर होता. मग कोपऱ्यातला. दिवे लागले, पंखे फिरले. दत्तोपंतांनी समाधानानं कुलूप लावलं आणि घरी गेले.

आणि आत काय झालं ते ऐका. वीज तुटली की ती डबी सगळं विसरते; चार वर्षं इन्व्हर्टरमुळं ती कधी बंदच पडली नव्हती. टेबलावरचा संगणक आधी आला म्हणून तिनं त्याला दोन नंबर दिला. कोपऱ्यातल्याला तीन. माझ्यात मात्र अजून दोनच लिहिलेला. म्हणजे आता माझ्यातला पत्ता डेटाबेसचा नव्हता, मी ज्या संगणकात राहते त्याचाच होता. वेबसाईटनं विचारलं की मी तिला तिच्याच घरी धाडणार, आणि तिथं डेटाबेस नावाचं कुणी राहत नाही. हे मला कळत होतं का? मला तेव्हा काहीच कळलं नाही. मला जे लिहून दिलंय ते मी सांगते, इतकीच माझी अक्कल. मी तोपर्यंत त्याला इमानदारी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हातकणंगल्यात कल्लाप्पा मगदूम गेले. वय एकोणऐंशी. जैन शेतकरी कुटुंब, ऊस आणि थोडा भाजीपाला. चहा पिऊन ओसरीवर बसले होते, बसल्या जागी मान कलली. दहा वाजता त्यांच्या पत्नीचा, पद्मावतींचा, दत्तोपंतांना फोन आला. पुढं कित्येक दिवसांनी त्या कार्यालयात आल्या तेव्हा हे सगळं त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

पद्मावती म्हणाल्या, "सर, ह्यांनी पेठ वडगावच्या शिबिरात डोळ्यांचा फॉर्म भरलता. मला तेवढं ठावं हाय. कागुद कुठं ठिवलाय ते त्यांनाच म्हाईत. पोराला कायबी म्हाईत न्हाय. तुमच्याकडं आसंल तर दावा."

अडचण साधीच होती. त्यांचा मुलगा सम्मेद चांगला माणूस. पण वडील त्याच्याशी ह्या विषयावर कधी बोलले नव्हते. भावकीतली वडीलधारी मंडळी जमली होती. जीव गेल्यावर देह फार वेळ घरात ठेवायचा नाही, हा त्यांचा रिवाज. सम्मेद आईला म्हणाला, "आप्पांची सही दिसली की मी सगळ्यांना थांबिवतो. सहीबिगार कुणाला काय सांगू मी?" त्यात त्याचं काय चुकलं होतं? सगळं त्या एका सहीवर येऊन थांबलं होतं, आणि ती सही कोपऱ्यातल्या संगणकात होती.

दत्तोपंतांनी वाटेतूनच नेत्रपेढीला फोन केला. तिकडून उत्तर आलं, आम्ही तयार आहोत, घरच्यांनी हो म्हटलं की निघतो, चाळीस मिनिटांत पोचू. दहा वीसला दत्तोपंत कार्यालयात होते. झेंडूच्या माळा अजून ताज्या होत्या. त्यांनी नाव टाकलं, 'शोधा' दाबलं. वेबसाईट माझ्याकडे आली. मी पत्ता सांगितला. पडद्यावर अक्षरं उमटली. 'तांत्रिक अडचण आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

हे वाक्य ऋतानंच कधीतरी लिहून ठेवलं होतं. आत काहीही बिघडलं तरी बाहेर हेच दिसायचं. खरं कारण दुसऱ्या एका फाईलमध्ये नोंदलं जायचं, तिला लॉग म्हणतात, पण ती दत्तोपंतांना कुठं ठाऊक असणार? ते मास्तर. लिहिलेल्या सूचनेवर त्यांचा विश्वास. थोड्या वेळाने म्हटलंय ना, मग त्यांनी घड्याळ बघून पाच मिनिटं वाट पाहिली. पुन्हा दाबलं. पुन्हा पाच मिनिटं. असे पाच वेळा. माझा जीव नुसता खालीवर होत होता, पण मला तोंड कुठं आहे? मी आपली दर वेळी तोच पत्ता सांगत होते.

पावणेअकराला त्यांनी ऋताला फोन केला. राजारामपुरीतून ती अर्ध्या तासात आली. हाताला चण्याच्या डाळीचं पीठ तसंच होतं. काय झालं ते ऐकून खुर्चीत बसता बसता म्हणाली, "पासवर्डची मुदत संपली असणार, सर. आमच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी संपते. दहा मिनिटांत करते."

दोन संगणकांना मिळून पडदा एकच होता. तो टेबलावरचा काढून कोपऱ्यातल्याला लावायचा, काम करायचं, पुन्हा टेबलावर आणायचा, कारण फॉर्म दिसायचा तर वेबसाईटमधूनच. ऋतानं पडदा तिकडे नेला, वायरी जोडल्या, डेटाबेसला नवा पासवर्ड दिला. पडदा परत आणला. मला उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला उघडत होतं. तिनं पासवर्डची ओळ पुसून नवी लिहिली. कपाळावरची 'नंतर' ही ओळ तिच्या डोळ्यांसमोरच होती, पण घाईत नजर तिथून घसरली. वेबसाईट पुन्हा सुरू केली, नाव टाकलं. 'तांत्रिक अडचण आहे.' तेव्हा पावणेबारा वाजले होते.

ऋता म्हणाली, नव्या पासवर्डात काहीतरी चुकलं असेल. पुन्हा पडदा तिकडे. पुन्हा इकडे. मित्रांनो, पासवर्ड बरोबरच होता हो. आधीचाही बरोबर होता. दार उघडलं तरच कुणीतरी ओळख विचारणार, इथं दारापर्यंतच कुणी पोचत नव्हतं. मी तिला ओरडून सांगितलं असतं, अगं बाई, वरची ओळ बघ. पण फाईल बोलत नाही, ती फक्त वाचली जाते, आणि तेही कुणी वाचली तर.

बारा वाजता पद्मावतींचा दुसरा फोन आला. दत्तोपंतांनी तो ऋतालाही ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला.

"सर, भाईर काढत्यात. घावला का कागुद?"

"वहिनी, मशीन अडलंय. प्रयत्न चाललाय. थोडा वेळ थांबवता येईल का त्यांना?"

"दोन येळा थांबिवलं. आता कोण ऐकत न्हाय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमी नुसतं व्हय म्हणा की. सही हाय म्हणून सम्मेदला सांगा. तुमचा शबुद तो मोडणार न्हाय."

दत्तोपंतांनी डोळे मिटले. पेठ वडगावच्या शिबिरात दोनशेहून जास्त माणसांनी फॉर्म भरले होते. त्यात कल्लाप्पा मगदूम होते की नव्हते, हे त्यांना आठवत नव्हतं. तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेला माणूस. एका 'हो'नं गाडी निघाली असती.

"बघितल्याशिवाय कसं म्हणू वहिनी?" ते म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या नावानं मी कसं सांगू? दहा मिनिटं द्या मला."

"बरं," पद्मावती म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

ऋता मान खाली घालून बसली होती. मग एकदम तिनं लॉग उघडला. आल्या आल्या उघडायला हवा होता तो. त्यात सकाळपासून एकच वाक्य पुन्हा पुन्हा नोंदलेलं होतं. दिलेल्या पत्त्यावर डेटाबेस उत्तर देत नाही. पासवर्डाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सर, काल वायरी काढल्या होत्या का?"

"पूजेसाठी काढल्या होत्या. सगळ्या जशाच्या तशा लावल्यात. हा बघ कागद."

"आधी कुठला सुरू केलात?"

दत्तोपंतांनी टेबलाकडे बोट केलं. तिनं मला पुन्हा उघडलं, आणि ह्या वेळी पहिली ओळ वाचली. आपल्याच हातानं लिहिलेली. पडदा पुन्हा कोपऱ्यात नेला, तिथला पत्ता पाहिला, पडदा परत आणला, आणि माझ्यातला दोन खोडून तीन केला. एक आकडा. त्याला दोन सेकंद लागले.

नाव टाकलं. फॉर्म समोर आला.

कल्लाप्पा आदगोंडा मगदूम, हातकणंगले. ठसठशीत सही. फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना आहे. बहुतेक जण तो कोरा सोडतात. कल्लाप्पांनी त्यात शाळेतल्यासारख्या सरळ अक्षरात लिहिलं होतं. 'आईला शेवटची सात वर्षे दिसत नव्हते. मी हात धरून मळ्यात नेत होतो. माझे डोळे चांगले आहेत. वाया घालवू नयेत.'

बारा पस्तीसला ऋतानं त्याचा फोटो सम्मेदच्या फोनवर पाठवला. दत्तोपंतांनी सम्मेदला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. मग पद्मावतींना लावला. त्यांनी उचलला. मागं बायकांचा आवाज येत होता.

"वहिनी, सापडली. सही आहे. त्यांनी कारणही लिहिलंय."

"न्हेलं, सर," पद्मावती म्हणाल्या. "अर्धा तास झाला."

सम्मेदचा फोन चुलतभावाच्या खिशात होता. सम्मेदनं तो मागून घेऊन फोटो उघडला तेव्हा अग्नी देऊन पाच मिनिटं झाली होती. सम्मेद तिथंच, स्मशानात, फोन हातात धरून खाली बसला. सहा तास संपायला अजून तीन तास बाकी होते.

दत्तोपंतांनी उठून संगणकावरची झेंडूची माळ काढली आणि घडी घालायचं वस्त्र असावं तशी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. ऋता रडत होती. "मी वाचलंच नाही, सर. लॉगमध्ये सगळं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही," एवढंच म्हणत होती. मला त्या दिवशी माझी लाज वाटली. मला बरोबर तेवढंच येत होतं जेवढं मला लिहून दिलेलं होतं, पण ते कुणाला सांगू?

त्याच दिवशी संध्याकाळी, सगळं गाव सोनं लुटायला दसरा चौकात गेलं असताना, ऋता एकटी परत आली. तिनं कोपऱ्यातल्या संगणकाचा पत्ता पक्का केला, आता डबी काही विसरली तरी तो बदलत नाही. माझ्या कपाळावरची ओळ तिनं पुसली. तेव्हापासून मी सहा ओळींची आहे. पडद्यावरचं ते थोड्या वेळाने प्रयत्न करायला सांगणारं वाक्यही तिनं काढून टाकलं. आता तिथं जे बिघडलंय ते सरळ मराठीत दिसतं, आणि खाली तिचा फोन नंबर असतो. माझी एक प्रत कागदावर छापून तिनं पाकिटात घातली आणि दत्तोपंतांच्या टेबलाच्या खणात ठेवली.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पद्मावती कार्यालयात आल्या. बरोबर सम्मेद होता. दत्तोपंत उठून उभे राहिले. काय बोलायचं हे त्यांनी बहुधा रोज मनात घोळवलं असावं. म्हणाले, "वहिनी, मी मशीनची पूजा केली. त्यानंच सगळं झालं. आणि तुम्ही 'हो' म्हणा म्हणालात, तेही मला जमलं नाही."

"सर, घाई मी केली," सम्मेद म्हणाला. "आई सांगत हुती. आईचं ऐकाय पायजे हुतं मी. सही कशाला लागत हुती मला?"

पद्मावतींनी दोघांकडेही पाहिलं नाही. "सही दावा मला," त्या म्हणाल्या.

दत्तोपंतांनी नाव टाकलं. मी पत्ता सांगितला. फॉर्म आला. पद्मावतींनी पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेक ओळ करून, ओठ हलवत सगळं वाचलं. मग पदरानं काचेवरचा बोटाचा डाग पुसला.

"सर, तुमी खोटं बोलला न्हाईसा, ते मला त्या दिवशी लई लागलं," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन लई बोल लावला तुमाला. मग वाटलं, खोटं बोलून डोळे घेतलं आसतं तर ह्यांनाच ते पटलं नसतं. त्यांनी कुणाचं कवा तसं घेतलं न्हाय." पुढं त्या म्हणाल्या, "पर लागलं, हे खरं हाय. ते जाईल तवा जाईल."

दत्तोपंतांनी मान हलवली. त्यांनी त्यांना समजवायचा प्रयत्न केला नाही, आणि माफीही पुन्हा मागितली नाही.

मग पद्मावती म्हणाल्या, "आता माझा फॉर्म भरून घ्या." सम्मेदनं लिहायला घेतलं. नाव, पत्ता, वय शहात्तर. 'कारण' ह्या रकान्याशी तो थांबला आणि आईकडे पाहू लागला. त्या म्हणाल्या, "लिही. ह्यांचं राहिलं, म्हणून." त्यानं तेच लिहिलं. साक्षीदार म्हणून स्वतः सही केली, आणि सही करताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं, ते टिपायला त्याला दुसरा कागद घ्यावा लागला. फॉर्मच्या तीन प्रती काढल्या. एक घरी, देवाच्या फोटोमागं, सगळ्यांना दिसेल अशी. एक मंडळात. एक सम्मेदच्या पाकिटात.

मित्रांनो, आता माझं तुमच्याकडे थोडंसं मागणं आहे. तुमच्याही आयुष्यात माझ्यासारखी पुष्कळ न दिसणारी माणसं आणि वस्तू असतील, मुकाट्यानं काम करत बसलेल्या. त्यांना वर्षातून एकदा फूल वाहा, मला ते आवडतं. पण पूजा झाल्यावर ती वस्तू चालते का, तेही त्याच दिवशी बघा. एखादी गोष्ट बिघडली की ती काय सांगतेय ते आधी नीट वाचा, मग आपल्या मनातलं कारण शोधा. 'नंतर' असं लिहिलं असेल तर त्याच्यापुढं तारीखही लिहा. आणि घरातल्या माणसाच्या मनात काही असेल तर ते घरातल्या सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायला लावा. सगळाच भार माझ्यासारख्यांवर टाकू नका, आम्ही फार अडाणी असतो.

दत्तोपंत अजूनही रोज सकाळी दहाला येतात. कुलूप काढतात, संगणक सुरू करतात, पण खुर्चीत बसत नाहीत. उभ्यानंच एक नाव टाकतात आणि 'शोधा' दाबतात. पद्मावती कल्लाप्पा मगदूम. नाव पडद्यावर आलं, म्हणजे जोडणी शाबूत आहे. मग ते चष्मा काढून बसतात. ते नाव मी रोज आणून देते, आणि रोज मनात म्हणते, आजही ते नुसतं तपासण्यापुरतंच लागू दे.